उसने पुण्य

हिटलरने केलेल्या यहुदींच्या संहाराचा विषय आपल्या कॅथोलिक घरांतून, युवकांच्या मेळाव्यांतून किंवा मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात रंगणाऱ्या गप्पांतून कधी निघाला, तर एक उत्तर ठरलेले असते. 'आपल्या ख्रिस्तसभेने त्या काळात हजारो यहुदींना वाचवले.' एवढे म्हटले की विषय संपतो. मग चहा येतो आणि बोलणे पावसापाण्याकडे वळते.

हे उत्तर खोटे नाही. १६ ऑक्टोबर १९४३ रोजी रोममध्ये एक हजाराहून अधिक यहुदी पकडले गेले. त्यानंतर त्या शहरातील मठांनी आणि कॉन्व्हेंटांनी हजारो जणांना आपल्या भिंतींआड घेतले. फ्रान्समध्ये तुलूझचे महागुरुस्वामी सालिएज यांनी २३ ऑगस्ट १९४२ रोजी आपल्या धर्मग्रामांतून पत्र वाचायला लावले आणि यहुदीही माणसेच आहेत, ते आपले बांधव आहेत, असे सरकारी मनाई असतानाही बजावले. हे सारे घडलेले आहे. माझी तक्रार या इतिहासाविषयी नाही. आपण त्याचे जे करतो त्याविषयी आहे. ज्यांनी प्राण पणाला लावले त्यांचे पुण्य आपण आपल्या खात्यावर लिहून घेतो आणि त्या खात्यातून उरलेल्या सर्वांचे देणे फेडल्याचा आव आणतो. हे उसने पुण्य आहे. उसने घेतलेले परत करावे लागते, ही रीत आपल्या खेड्यांतील लहान मुलालाही ठाऊक असते.

आधी एक हिशेब मांडू. यहुदींना वाचवण्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्या इतर धर्मीयांना जेरुसलेममधील 'याद वाशेम' ही संस्था १९६३ पासून 'राष्ट्रांमधील नीतिमान' हा सन्मान देते. आजवर हा सन्मान मिळालेल्यांची संख्या अठ्ठावीस हजारांहून अधिक आहे. ज्यांची नावे कधी उजेडात आली नाहीत असे याहून कितीतरी अधिक असतील. त्यांची संख्या आपण दहापट धरू, वीसपट धरू. तरीही ती कोट्यवधी बाप्तिस्मा झालेल्या माणसांच्या खंडात मूठभरच ठरते. मारले गेलेले यहुदी सुमारे साठ लाख होते. त्यांच्या याद्या लिहिणारे कारकून, आगगाड्या हाकणारे चालक, दारे ठोठावणारे शिपाई आणि रिकाम्या झालेल्या घरांतील भांडीकुंडी उचलून नेणारे शेजारी, यांतील बहुतेकांच्या कपाळावर बाप्तिस्म्याचे पाणी पडले होते. वाचवणारे ख्रिस्ती होते म्हणून अभिमान बाळगायचा, तर गप्प राहिलेलेही ख्रिस्तीच होते याची लाज बाळगायला नको का? खात्याची एकच बाजू दाखवणाऱ्याला आपण प्रामाणिक हिशेबनीस म्हणत नाही.

ज्यांच्या पुण्यावर आपण हक्क सांगतो ती माणसे कशी होती, हेही पाहू. पोलंडच्या आग्नेय भागात मार्कोवा नावाचे खेडे आहे. तेथे योझेफ उल्मा हा शेतकरी राहत असे. फळझाडांची रोपवाटिका करावी, मधमाश्या पाळाव्यात, रेशमाचे किडे वाढवावेत, फावल्या वेळात छायाचित्रे काढावीत, असा हा खटपट्या आणि प्रयोगशील माणूस होता. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या शिवारांतून असे शेतकरी आजही भेटतात. त्याची पत्नी विक्टोरिया. पदरी सहा मुले होती, थोरली आठ वर्षांची आणि धाकटी दीड वर्षाची. सातवे पोटात होते. या घराच्या माळ्यावर आठ यहुदींना आसरा मिळाला होता. २४ मार्च १९४४ च्या पहाटे जर्मन शिपाई आले. त्यांनी आधी त्या यहुदींना गोळ्या घातल्या, मग योझेफ व विक्टोरियाला घराबाहेर सर्वांसमक्ष ठार केले आणि शेवटी मुलांनाही. चुगली करणारा कोणी परका नव्हता. शेजारच्या लहान शहरातील एका स्थानिक पोलिसाने ती केली असावी, असे इतिहासकारांचे अनुमान आहे.

१० सप्टेंबर २०२३ रोजी ख्रिस्तसभेने या संपूर्ण कुटुंबाला धन्यवादित घोषित केले. त्यांच्या घरी सापडलेल्या बायबलमध्ये दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यापाशी खूण केलेली होती आणि तेथे एकच शब्द लिहिलेला होता: 'होय'. आपण तो दाखला दर काही वर्षांनी रविवारच्या वाचनात ऐकतो. त्यावरची प्रवचने ऐकता ऐकता आपले केस पांढरे झाले. समासात 'होय' लिहिणारे आपल्यात किती?

येथे पहिला आक्षेप येतो. 'ते संत होते हो, आपण संसारी माणसे.' या आक्षेपाला उत्तर देण्याची गरजच नाही, कारण उल्मा दांपत्याहून अधिक संसारी माणसे शोधून सापडणार नाहीत. त्यांच्याजवळ ना अधिकार होता, ना संपत्ती, ना मठाची उंच भिंत. ती संत होती म्हणून त्यांनी दार उघडले असे नव्हे. त्यांनी दार उघडले म्हणून आज आपण त्यांना धन्यवादित म्हणतो. क्रम उलटा लावला की आपली सोय होते. संतपण हे जणू काही जन्मतःच मिळणारे असावे आणि आपल्याला ते मिळाले नाही म्हणून आपली सुटका झालेली असावी, अशी ती सोय आहे.

खेड्यात राहणाऱ्या वाचकांनी या कथेतील एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. आमचे पिंपरी पेंढार ओतूर-आळेफाटा रस्त्यावर आहे. अशा गावात कोणाकडे पाहुणे आले, किती आले आणि कधी गेले, हे सांगावे लागत नाही. गिरणीतून दळण किती आले, चुलीचा धूर किती वेळ निघाला, दोरीवर कपडे किती वाळत पडले, यावरून सारे कळते. मार्कोवाही तसेच गाव होते. आठ माणसे अधिक जेवत असलेले घर महिनोन्महिने लपून राहिले असेल, तर अनेकांच्या नजरेस ते आले असणार आणि तरीही ती माणसे बोलली नाहीत. उल्मा कुटुंबाच्या हत्येनंतर काय झाले, ते त्याहूनही मोठे आहे. मार्कोव्यातील इतर घरांतही यहुदी दडलेले होते. सहा लेकरांचे मृतदेह पाहिल्यावर त्या घरांनी आपल्या आश्रितांना रात्रीत बाहेर काढले असते, तर त्यांना दोष देण्याचे धैर्य मला झाले नसते. परंतु त्यांतील सुमारे वीस जण युद्ध संपेपर्यंत त्याच गावात जिवंत राहिले. ही घरे वेदीवर चढलेली नाहीत. त्यांची चित्रे आपण भिंतीवर लावत नाही. माझ्या मते खेडुतांनी ज्यांच्यापासून शिकावे अशी माणसे तीच आहेत.

दुसरा आक्षेप कायद्याचा. 'सरकारी हुकूम मोडणे हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही,' असे म्हणणारे सज्जन आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना गोव्याशी संबंध असलेले एक उदाहरण देतो. आरिस्तिदेश द सौझा मेंदिश हा कॅथोलिक गृहस्थ, चौदा मुलांचा बाप, १९४० साली फ्रान्समधील बोर्दो येथे पोर्तुगालचा वकील होता. लिस्बनमध्ये सत्ता सालाझारची होती. हाच सालाझार त्या काळी गोव्याचाही धनी होता. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात ज्याच्या राजवटीविरुद्ध आवाज उठवला, तोच हा. आपली राजवट कॅथोलिक असल्याचे तो मिरवत असे. त्याच्या सरकारने ११ नोव्हेंबर १९३९ रोजी चौदा क्रमांकाचे परिपत्रक काढले आणि यहुदी व निराधार निर्वासितांना लिस्बनच्या परवानगीवाचून प्रवेशपत्र देऊ नये, असा हुकूम दिला. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळला. बोर्दोच्या रस्त्यांवर निर्वासितांचे लोंढे आले. सौझा मेंदिशने खाईम क्रुगर नावाच्या रब्बीला त्याच्या कुटुंबापुरती प्रवेशपत्रे देऊ केली. मात्र रस्त्यावर पडलेल्या आपल्या बांधवांना सोडून एकट्याने वाचणे रब्बीला मान्य नव्हते. सौझा मेंदिश आजारी पडल्यासारखा दोन-तीन दिवस अंथरुणाला खिळून राहिला. १७ जूनला तो उठला आणि जो मागेल त्याला प्रवेशपत्र देऊ लागला. धर्म विचारला नाही, पैसे विचारले नाहीत.

त्याचे फळ काय मिळाले? चौकशी झाली, पद गेले, कारकीर्द संपली, मुले देशोधडीला लागली. ३ एप्रिल १९५४ रोजी लिस्बनमध्ये तो कर्जबाजारी अवस्थेत वारला. याद वाशेमने त्याला १९६६ साली नीतिमान ठरवले. त्याच्या स्वतःच्या देशाने राष्ट्रीय स्मारकमंदिरात त्याचे नाव कोरले ते २०२१ साली. आता सांगावे, या कथेत कॅथोलिक कोण? हुकूम काढणारा की मोडणारा? दोघेही मिस्साला जात होते. दोघांपैकी एकाचेच उदाहरण पुढे करून 'आम्ही कॅथोलिक असे वागलो' असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

गोव्याचे नाव निघालेच आहे, तर आपल्याच किनाऱ्यावरील एक जुने देणेही मोजून टाकू. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य यहुदी वंशातला होता. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. या भूमीतील औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून, त्याची बहीण कातारिना हिला गोव्याच्या इन्क्विझिशनने जिवंत जाळले. १५८० साली गार्सियाची हाडेही थडग्यातून उकरून जाळण्यात आली. हे हिटलरने केले नाही. हे क्रूस हाती धरून झाले, आणि आपल्यापासून काही कोसांवर झाले.

त्याच कोकणपट्टीवर, अलिबाग, पेण, रोहे या बाजूच्या गावांतून बेने इस्राएल लोक शतकानुशतके तेलाचे घाणे चालवीत होते. शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांनी गावांवरून आडनावे घेतली. किहीमचे ते किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर. मराठी हीच त्यांची बोली झाली. त्यांच्या दारावर कोणी खूण केली नाही, त्यांचे थडगे कोणी उकरले नाही. त्यांच्या हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांनी फार मोठा पराक्रम केला असे नाही. त्यांनी फक्त शनिवारी बंद असलेल्या घाण्याबद्दल तक्रार केली नाही आणि रविवारी तेल विकत घेतले. पण युरोपातल्या प्रत्येक गावाने एवढे जरी केले असते, तरी जीव धोक्यात घालणाऱ्यांची गरजच पडली नसती. यहुदींना कसे वागवावे, हे ज्या किनाऱ्यावर ख्रिस्ती सत्तेला कळले नाही, ते तेथील तेल विकत घेणाऱ्या अडाणी कुणब्याला कळले होते. ही गोष्ट आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात कोणी शिकवली आहे का?

तिसरा आक्षेप काळाचा. 'ते दिवस गेले, तो देश वेगळा.' २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईतील कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये अतिरेकी शिरले. ते यहुदींना शोधत आले होते. तेथे रब्बी गॅव्रिएल होल्ट्सबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का यांच्या घरी सँड्रा सॅम्युएल ही ख्रिस्ती स्त्री त्यांचे मूल सांभाळीत असे. ती आणि झाकीर हुसेन हा मुसलमान सहकारी रात्रभर खालच्या मजल्यावरील एका खोलीत दार लावून बसले. सकाळी वरून दोन वर्षांच्या मोशेच्या हाका ऐकू आल्या. अतिरेकी इमारतीत होतेच. ती वर गेली. मूल आईबापांच्या निश्चल देहांजवळ उभे होते. तिने ते उचलले आणि बाहेर धाव घेतली. पुढे त्या पोरक्या मुलासाठी ती इस्राएलला जाऊन राहिली. २०१० साली त्या देशाने तिला सन्माननीय नागरिकत्व दिले.

वाचक बंधुभगिनींनो, हे वर्तमानपत्रांत छापून आलेले आहे. सँड्रा ही पगारावर मुले सांभाळणारी बाई होती. तिने इमारतीबाहेर एकटीने पळ काढला असता, तर जगातल्या कोणत्याही न्यायालयाने आणि कोणत्याही पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने तिला दोषी ठरवले नसते. काळ वेगळा आणि देश वेगळा म्हणणाऱ्यांनी या घटनेपुढे काय बोलायचे ते ठरवावे. आणि 'सँड्रा ख्रिस्ती, म्हणजे आपलीच' असे म्हणून ज्यांची छाती फुगली असेल, त्यांना पुन्हा तेच सांगतो. जिन्याच्या त्या पायऱ्या ती चढली, आपण चढलो नाही.

आता खरा प्रश्न. आपल्या पायऱ्या कोणत्या? आपल्या दारी नाझी शिपाई येणार नाही. पण नाझी राजवटीची सुरुवात विषारी वायूच्या कोठड्यांनी झाली नव्हती. १ एप्रिल १९३३ रोजी यहुदींच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला, तेथून छळ पावलापावलाने वाढत गेला. त्या दिवशी दुकानासमोर पहारेकरी उभे होते आणि काही लोक रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात गेले. कोणी कोणाला मारले पाहिजे असे नव्हते. पलीकडच्या दुकानात जाणे पुरेसे होते.

बहिष्कार हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यांना नवा नाही. 'वाळीत टाकणे' हा आपल्या भाषेतला जुना वाक्प्रचार आहे. जातीबाहेर लग्न केले, पंचांचा निवाडा मानला नाही, निवडणुकीत विरोधात गेला, अशा कारणांवरून घरेच्या घरे वाळीत टाकण्याचे प्रकार इतके घडत राहिले की, राज्याला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. देशात असा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. हे भूषण की लांच्छन, ते ज्याचे त्याने ठरवावे. अशा घराला किराणा कोण देतो? त्यांच्या मयताला खांदा कोण देतो? त्यांच्या मुलांशेजारी आपले मूल बसले तर त्याला तेथून उठवते कोण? ख्रिस्ती घर त्या वेळी कोणत्या बाजूला असते? मार्कोव्याचे गप्प राहणे शेजाऱ्याला जगवणारे होते. वाळीत टाकलेल्या घरासमोरचे आपले गप्प राहणे त्याला मारणारे असते. दोन्हीला आपण 'आपल्याला काय करायचे आहे' असेच म्हणतो.

येथे शेवटचा आणि मला सर्वांत प्रामाणिक वाटणारा आक्षेप येतो. 'आपण थोडे आहोत. गावात आपली घरे बोटांवर मोजण्याइतकी. आपण बोललो तर उद्या आपल्यावरच येईल.' ही भीती खोटी नाही, आणि तिची टिंगल करणाऱ्याने कधी खेड्यात अल्पसंख्य म्हणून दिवस काढलेले नसावेत. तरी फ्रान्समधील ल शाँबों या डोंगरी गावाकडे पाहावे. तेथील लोक प्रोटेस्टंट, म्हणजे कॅथोलिक देशातले मूठभर. आपल्या पूर्वजांचा छळ ते विसरले नव्हते. पाळक आंद्रे त्रोक्मे यांच्यासह त्या पठारावरील घरांनी आणि शाळांनी मोठ्या संख्येने यहुदींना आसरा दिला. थोडे असणे हे त्यांना गप्प बसण्याचे कारण वाटले नाही. उलट, छळ म्हणजे काय हे आपल्याला इतरांहून चांगले कळते, असे त्यांनी मानले. बर्लिनच्या कॅथेड्रलचे धर्मगुरू बर्नहार्ड लिख्टेनबर्ग तर एकटेच होते. नोव्हेंबर १९३८ मध्ये सिनेगॉग जळाले, तेव्हापासून ते संध्याकाळच्या प्रार्थनेत यहुदींसाठी उघडपणे प्रार्थना करू लागले. त्यांच्याविरुद्ध खबर दिली ती प्रार्थना ऐकणाऱ्या दोन विद्यार्थिनींनी. कैद भोगून ५ नोव्हेंबर १९४३ रोजी, दाखाऊच्या छळछावणीकडे नेले जात असता, ते वारले. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. चर्चमध्ये उच्चारलेले एक वाक्य किती महाग पडू शकते आणि म्हणूनच किती मोलाचे असते, हे त्यांच्यापासून कळावे.

उसने पुण्य परत कसे करायचे, तेही सांगतो. पहिले काम वेदीपाशी आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात आहे. ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व यहुदींवर किंवा आजच्या यहुदींवर टाकता येत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी सांगितले. त्याला साठ वर्षे झाली. गुड फ्रायडेच्या आपल्या नाटिकांत दात विचकणारे, आरडाओरड करणारे 'यहुदी' उभे करताना प्रभू येशू, पवित्र मरिया आणि पेत्र हेही यहुदीच होते, याची आठवण पडद्यामागे कोणाला असते काय? दुसरे काम घरात आहे. 'या देशाला एक हिटलरच पाहिजे' हे वाक्य आपल्याही ओट्यांवर सर्रास ऐकू येते. हिटलरचे आत्मचरित्र पदपथावरच्या पुस्तकांत उघड मांडलेले असते आणि आपली मुले ते शौर्यकथा म्हणून चाळतात. त्या वाक्याला त्याच क्षणी, त्याच ओट्यावर उत्तर मिळाले पाहिजे. ते उत्तर देताना पाहुण्याला वाईट वाटले तर वाटू द्यावे. तिसरे काम गावात आहे. वाळीत टाकलेल्या घरी जाऊन पाणी प्यावे. एवढेच. घोषणा नकोत, छायाचित्रे नकोत.

पोप पायस बारावे यांनी जाहीरपणे पुरेसे बोलायला हवे होते की नव्हते, हा वाद इतिहासकार करतील. व्हॅटिकनने त्या काळची दप्तरे २ मार्च २०२० पासून अभ्यासकांना खुली केली आहेत. तो वाद सुटेपर्यंत आपल्याला थांबण्याचे कारण नाही. न्यायाच्या दिवशी आपल्याला पोपमहोदयांविषयी विचारले जाणार नाही. भुकेल्याविषयी, परक्याविषयी, तुरुंगातल्याविषयी विचारले जाईल, हे प्रभूने आधीच सांगून ठेवले आहे.

उल्मा कुटुंबाचा सण ७ जुलैला येतो. त्या दिवशी त्यांच्या चित्रापुढे मेणबत्ती जरूर लावावी. पण ती लावण्याआधी गावात कोणते दार बंद पडले आहे, याची चौकशी करावी आणि त्या दाराशी जाऊन यावे. मेणबत्ती त्यानंतर लावली तरी चालेल.